संचालकांच्या कोटावरचं मँगनीज

फेस काढण्यात जॉर्जियातल्या आमच्या अख्ख्या चियातुरा गावात माझा हात धरणारं कुणी नाही! हे मी आजही ठणकावून सांगते. मग त्या दिवशी काहीही झालेलं असो!

आमच्या कारखान्यात मँगनीजचं खनिज धुतलं जायचं आणि बारीक गाळ नदीत सोडला जायचा. नदी शाईसारखी काळी! त्या गाळातलं मँगनीज परत मिळवायला मी, प्रयोगशाळेतली लामारा, दोन वर्षं तीन टाक्यांशी झटत होते. गाळात साबणासारखं तेलकट औषध घालायचं, खालून हवा सोडायची. मँगनीजचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, वाळू तळाशी बसते. इतकं सोपं! पण आमचे संचालक इपोलिते साहेब म्हणायचे, "लामारा, हा कारखाना आहे, न्हाणीघर नव्हे!"

राजधानी तिबिलिसीहून तपासणी मंडळ यायचं होतं. प्रयोग फसला तर टाक्या भंगारात आणि मी गोदामात पोती शिवायला! आणि त्याच सकाळी कळलं, औषधाचं पिंप आलेलंच नाही.

"रद्द करू," साहेब खूष होऊन म्हणाले.

"मुळीच नाही! धुण्याचा साबण आहे ना? तोही चरबीचाच!"

दुकानातून साबणाच्या चाळीस वड्या आणल्या. उपाहारगृहातली चीजची किसणी पळवली. किसून, गरम पाण्यात विरघळवून सहा बादल्या भरल्या. मदतीला पंपावरचे एल्गुजा काका. दगड भरडणाऱ्या गिरणीशेजारी तीस वर्षं काढल्यानं त्यांचे कान पार कामातून गेलेले.

मंडळ आलं. प्रमुख होत्या नातेलाबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. काकांनी अर्धी बादली ओतली, मी हवा सोडली. आणि आला की फेस! काळाभोर, चकचकीत, पॉलिश केलेल्या बुटासारखा!

"हे काय, डांबर?" म्हणत साहेब वाकले. तोच एक भलामोठा बुडबुडा फुटला आणि त्यांचा करडा कोट गळ्यापासून पोटापर्यंत काळा झाला.

"काका, पुरे!" मी ओरडले.

काकांना ऐकू आलं, "पुढे!" त्यांनी उरलेली बादली ओतली.

"अहो पुरे! पुरे!"

"ओततोय गं बाई, जरा दम धर की!" आणि सहाच्या सहा बादल्या आत!

फेस टाकीवरून उतरला, जिना उतरला आणि शेजारच्या उपाहारगृहात शिरला. तिथे पाहुण्यांसाठी जेवण मांडलेलं. चीज भरून भाजलेल्या खाचापुऱ्या दिसेनाशा झाल्या. भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचं नुसतं नाक वर! मंडळातले दोघे खुर्चीवर चढले.

"लामारा, तू संपलीस!" साहेब किंचाळले.

"हलू नका!" मी चमचा घेऊन त्यांच्या कोटावरचा फेस खरवडायला लागले. "हा पहिला फेस आहे, जास्तीचा साबण पडायच्या आधीचा. याची तपासणी होणारच!"

"माझ्या कोटाची?"

"कोट तुमचा, मँगनीज माझं!"

नातेलाबाई गुडघाभर फेसात उभ्या होत्या. म्हणाल्या, "खरवडू द्या तिला."

संध्याकाळी निकाल आला. मूळ गाळात मँगनीज बावीस टक्के, कोटावर त्रेचाळीस!

"टाक्या राहतील," बाईंनी जाहीर केलं.

"ही कल्पना मुळात आमच्या व्यवस्थापनाची," साहेब घसा साफ करत म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं! "व्यवस्थापनाची? साबण कुणी किसला? ही बोटं बघा, सालटी निघालीत! अहवालात माझं नाव लिहा. पूर्ण, वडिलांच्या नावासकट!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "विचार कर, पोरी. मग जे काही झालं ते सगळंच तुझ्या नावावर जाईल."

"जाऊ दे! सगळंच लिहा!"

आठवड्यानं अहवाल फलकावर लागला. कलम पहिलं: पद्धत यशस्वी, श्रेय लामारा, बेसारिओनची मुलगी, आडनाव चुबिनिद्झे. मी सगळ्यांना हाताला धरधरून दाखवलं. कलम दुसरं एल्गुजा काकांनी मोठ्यानं वाचलं: तुंबलेली गटारं, बुडालेलं उपाहारगृह, जबाबदार तीच. साफसफाई तिनेच करावी.

केली! चार दिवस केली, तीही अगदी ताठ मानेनं!

फक्त फावडं मारायला वाकावं लागतं, तेवढंच.