चारीच्या रस्त्यावर उलटे पाय

अनुपमाने क्लासच्या बाहेर कधी कुणावर हात उचलला नव्हता. ज्या रविवारी हे सगळं घडलं त्या रविवारीही तिने हात उचलला नाही. तिने पाय उचलला, आणि तो गावातल्या नेमक्या नको त्या माणसाला लागला.

न्हावऱ्याच्या समाजमंदिरात ती कराटेचा क्लास घेते. शिक्रापूरच्या एका कंपनीत तिला कायमची दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. एकतीस मुलं-मुली, निम्म्यांकडे पांढरा ड्रेस आहे, बाकीची शाळेच्या ट्रॅकपँटवर येतात. क्लास सुरू होण्याआधी सगळ्यांनी एका सुरात नियम म्हणायचे असतात.

"आधी काय करायचं?"

"बघायचं."

"मग?"

"बाजूला सरकायचं."

"मग?"

"वरडायचं."

"तरी ऐकत नसला तर?"

"पळायचं."

"आणि मारायचं कधी?"

"पळता येत नसंल तवा."

एवढं सगळं तोंडपाठ असूनही सर्जेराव आप्पांच्या नातवाने, पृथ्वीराजने, शाळेच्या नळावर मधे घुसलेल्या एका पोराचा दात पाडला. बघितलं नाही, सरकला नाही, आणि ओरडला तो समोरचा. आप्पा म्हणजे माजी सरपंच, समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष. नातवाची चूक त्यांना दिसेना, तेव्हा त्यांनी ती अनुपमाच्या पदरात टाकली.

"आमचं लेकरू गरीब हुतं," ते चारचौघांत तिला म्हणाले. "तुझ्या क्लासात जाऊन हात चालाय लागला त्याचा."

"आप्पा, मी तर मारू नका हेच शिकवते."

"त्यासाठनं क्लास कशाला पायजे? ते आमी घरीच सांगतो. आता नीट ऐक. हितनं म्होरं क्लासातल्या एकानं जरी गावातल्या मानसाला मारलं, तर क्लास बंद. तू मारलंस तरी बंद."

त्या रात्री अनुपमाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या महिन्यात दौंडला बेल्टची परीक्षा होती, आणि नकुशी आणि महेजबीन पहिल्यांदाच बसणार होत्या. गावात छप्पर असलेली दुसरी जागा नाही, आणि उघड्या मैदानावर मुलींना घरचे पाठवणार नाहीत. कंपनीत ती आठ तास नटांचे आटे तपासायची, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण तिचा जीव होता तो क्लासवर.

रविवारी सकाळी पावणेसातला ती वस्तीवरून निघाली. डिसेंबरचे दिवस. कालव्याच्या चारीला पाणी सुटलेलं, त्यावरचं धुकं कडेच्या रस्त्यावर पसरलेलं. एका बाजूला चारी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि डोक्यावरून गेलेल्या उसाच्या कडेने चालताना आभाळही अरुंद वाटतं. आठवड्यापूर्वी वरच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली होती. त्यावर वनखात्याची बैठकही झाली, पण ती संध्याकाळी होती आणि अनुपमा कंपनीत. बिबट्या दिसल्यावर काय करायचं हे अख्ख्या न्हावऱ्यात तेवढं तिलाच माहीत नव्हतं.

चालता चालता तिला दोनदा वाटलं, मागून कुणीतरी येतंय. ओल्या मातीवर काहीतरी मऊ पडल्यासारखा आवाज. वळून बघितलं तर नुसतं धुकं. ती थांबली की तो आवाज थांबायचा. आपल्याच बुटांचा आवाज असणार, असं तिने स्वतःला समजावलं आणि पाय उचलले.

चारीवरच्या मोरीपाशी तिला तो दिसला. वीस-पंचवीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, एक माणूस तिच्याकडे तोंड करून उभा होता. डोक्याला कानटोपी, अंगावर शाल. तो हसत होता.

"कोण हाय?" तिने विचारलं.

उत्तर नाही. हसणं मात्र तसंच.

"राम राम, पाहुणं."

काही नाही. ती दोन पावलं पुढे गेली, तर तो तिच्याकडे बघत दोन पावलं मागे गेला. ती थांबली. तो थांबला नाही. तिच्याकडेच बघत, हसत, तो मागे मागे जात राहिला. अडखळला नाही, वळून पाहिलं नाही. वाटेत पाण्याचं डबकं आलं, तेही त्याने मागच्या मागे चुकवलं.

पहिला नियम, बघायचं. तिने बघितलं. डोळे वाजवीपेक्षा मोठे, आणि पापणी लवत नव्हती. थंडीत माणसाचे ओठ फुटतात, याचे गाल गुलाबी होते. मग तिची नजर खाली गेली आणि तिथेच खिळली. त्याचं तोंड तिच्याकडे होतं. त्याच्या टाचाही तिच्याकडेच होत्या.

पाय उलटे असले म्हणजे समोर काय असतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कराटेत मात्र त्यावर काही सांगितलेलं नाही. तिने सात वर्षं शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, त्यात उलट्या पायांच्या माणसाचा धडा कुठेच नव्हता.

दुसरा नियम, बाजूला सरकायचं. पण एका अंगाला पाणी होतं आणि दुसऱ्या अंगाच्या उसात आत्ताच काहीतरी हललं होतं. ती जागची हलली नाही. तिसरा नियम, ओरडायचं. कराटेवाल्यांचं ओरडणं बेंबीच्या देठापासून असतं. ती अशी ओरडली की पुढच्या उसातून काहीतरी खसाखसा पाचट तुडवत धावत सुटलं.

त्या आवाजासरशी तो माणूस जागीच थांबला. त्याने दोन्ही हात वर केले, एका हातात काठी होती. शाल दोन्हीकडे पसरली. त्याच्या घशातून घोगरा, लांबलचक आवाज निघाला, पण ओठ हलले नाहीत. आणि मग तो तिच्याकडे यायला लागला. सावकाश, टाचा पुढे टाकत, हसत.

चौथा नियम, पळायचं. ती गर्रकन वळली आणि समोर नकुशी आणि महेजबीन. क्लासला निघालेल्या दोघी एकाच सायकलवरून बाजूच्या पाणंदीतून रस्त्याला लागल्या होत्या, आणि तिथेच थिजल्या होत्या.

"ताई," नकुशी हळूच म्हणाली, "त्याचं पाय बघा."

"बघितले. पळा."

"पळवंना, ताई," महेजबीन म्हणाली. "माझं पायच हलंनात."

झालं. पळता येत नसेल तेव्हा, असं ज्याच्याबद्दल रोज सकाळी म्हणायचं, ते हे. क्लासचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण आप्पांची अट गावातल्या माणसाला मारू नये एवढीच होती, भुताखेतांचा त्यात उल्लेख नव्हता. तो दोन हातांवर आला तशी तिने डोळे मिटले नाहीत, श्वास सोडला आणि पोटाचा अंदाज घेऊन सरळ लाथ घातली. भूत असल्यामुळे लाथ आरपार जाईल असं तिला वाटलं होतं. ती चांगली भरीव जागी बसली, आणि तो धाडकन चारीत पडला.

पाणी गुडघाभरच होतं. कानटोपीतला तो चेहरा पाण्यावर तरंगत आभाळाकडे बघून हसत होता. बुडबुडे मात्र त्याच्या खालच्या बाजूने येत होते.

"ताई," नकुशी म्हणाली, "भूत बुडतंय."

अनुपमाने पाण्यात उडी टाकली, मानेला धरून उपसायला गेली आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. मानेला खिळ्यांचा पट्टा होता. शेवटी तिने खांद्याला धरून त्याला उलटा केला. हसऱ्या चेहऱ्याच्या पलीकडून दुसरा चेहरा वर आला, आणि तो अजिबात हसत नव्हता. ते सर्जेराव आप्पा होते.

गोष्ट अशी होती की बिबट्या पाठीवर झडप घालतो, पण समोर तोंड दिसलं की बिचकतो, असं आप्पांच्या यवतच्या जावयाने कुठंतरी ऐकलं होतं. त्याने कालच एक मुखवटा आणि मान वाचवायला खिळ्यांचा पट्टा पाठवून दिला, आणि सरूबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, मुखवटा सकाळी कानटोपीच्या मागच्या बाजूला घट्ट बांधला. आप्पा आपले नाकासमोर गावाकडे चालले होते. कानटोपी आणि तिच्यावरून मफलर, त्यामुळे अनुपमाची हाक त्यांना ऐकूच आली नाही. तिचं ओरडणं तेवढं ऐकू आलं, पण कुठून ते कळलं नाही. पुढचा ऊस हलताना दिसला. आप्पांना वाटलं बिबट्या. मग बैठकीत सांगितलं होतं त्याप्रमाणे त्यांनी हात वर केले, मोठे दिसले, आरडले, आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकले. मागे अनुपमा होती.

ओरडणं ऐकून डेअरीला दूध घालायला निघालेले चार-पाच जण धावत आले होते. आप्पा कडेला बसून खोकत होते.

"मला... मला पाडलं कुनी?"

अनुपमाला गप्प बसता आलं असतं. आप्पांनी मागचं काही पाहिलं नव्हतं. पण सायकल धरून दोन पोरी तिच्याकडे बघत होत्या.

"मी पाडलं, आप्पा. माझी लाथ होती."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे. राजकारणात केस पांढरे केलेला माणूस तो. माजी सरपंचाला पोरीने मागून लाथ घातली, हे गावात वर्षभर पुरलं असतं.

"पोरगी भेदरलीय," ते म्हणाले. "कायबी बोलती. बिबट्या हुता. मागनं झडप घातली."

दुपारपर्यंत बिबट्या बैलाएवढा झाला. चार वाजता आप्पांनी त्याला काठीने पिटाळल्याचं कळलं आणि पाच वाजता समाजमंदिरात त्यांचा सत्कार ठरला. क्लास वाचला होता, अनुपमाला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेच तिला जमेना. उद्या याच पोरी कुणाला तरी मारून येतील आणि बिबट्याचं नाव सांगतील. आप्पांना शाल-नारळ दिल्याबरोबर ती उठली.

"बिबट्या नव्हता. लाथ माझी होती. माझ्या मागं पोरी होत्या आणि आप्पा मला ओळखू आले नाहीत. चूक झाली."

लोक कौतुकाने हसले. "बास की, अनुपमा," कुणीतरी म्हणालं, "किती मोठेपना द्यायचा आप्पास्नी."

"बिबट्या हुता," दारातून आवाज आला. वनखात्याचे अयुबभाई. गावची बैठक त्यांनीच घेतली होती. दिवसभर ते चारीच्या रस्त्याने ठसे बघत फिरत होते.

टाळ्या पडल्या. आप्पांनी मात्र वाजवली नाही. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"हुता?" त्यांनी विचारलं. "खरंच हुता?"

"हुता, पन ताईंच्या मागं." अयुबभाईंनी मोबाईलवरचे फोटो पुढे केले. "ह्यो ताईंच्या बुटाचा ठसा, आन् त्याच्यावर पंजा. त्यांच्या दारापासनं असंच हाय, पावलावर पाऊल. पाणंदीच्या अलीकडं त्यो उसाच्या कडंला बसला. गवत दबलंय, म्हंजी बराच वेळ बसला. तिथनं मोरी समूर दिसती. सगळं बघितलं आन् मग माघारी गेला. म्होरं उसात हुती ती डुकरं."

अनुपमा खाली बसली. सकाळचा तो मऊ आवाज तिला आता पुन्हा ऐकू आला, आणि पाठ भिंतीला टेकवल्याशिवाय तिला बसवेना. पोरींची सायकल पाणंदीच्या तोंडाशी होती. तिथून दहा पावलंही नव्हती ती जागा.

"मंग आप्पांवर झडप कुनी घातली?" एकाने विचारलं.

अयुबभाई सरळ माणूस. "मोरीपाशी पंजा न्हाई," ते म्हणाले. "मागनं जमलेल्या लोकांचं सोडलं, तर तिथं दोनच मानसांचं ठसं हायेत. आप्पांचं आन् ताईंचं. तसं दोघंबी नियमानंच वागल्यात."

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पा सत्काराची शाल सावरत उभे राहिले. त्यांना कुणाकडे बघवेना.

"ठरलं हुतं त्यापरमानं," ते म्हणाले, "क्लास बंद."

अनुपमाने मान डोलावली. महेजबीन तोंड फिरवून रडायला लागली, आणि ते बघून अनुपमाला पहिल्यांदा वाईट वाटलं. लाथेचं नाही, खरं बोलल्याचंही नाही. त्या पोरीला आता दौंडला कोण नेणार, याचं.

एरवी सभा संपल्यावर लोक तासभर रेंगाळतात. त्या दिवशी पाच मिनिटांत सगळ्या गाड्या सुरू झाल्या, एकेका गाडीवर तिघं-तिघं बसून गेले. अनुपमा मॅट गुंडाळून बाहेर आली तेव्हा दिवस मावळत होता आणि पायरीवर आप्पा एकटेच उभे होते.

"तू कुठनं जानार?"

"चारीनं."

"मीबी तिकडनंच," आप्पा म्हणाले. "हो म्होरं."

ती निघाली. चार पावलं गेली असेल.

"थांब. माझ्या मागं कोनच न्हाई."

"मग मी मागून येते."

आप्पांनी तिच्या बुटांकडे बघितलं. "मागनं नगं."

"मग शेजारून चला."

रस्ता दोघांपुरता नव्हता. तरी दोघं खांद्याला खांदा लावून चालले, तिचा एक पाय गवतात, त्यांचा एक पाय चारीच्या काठावर. धुकं परत उतरायला लागलं होतं. मोरीपाशी उसात काहीतरी खसकन हललं, आणि आप्पांनी तिची बाही धरली. त्यांचं घर आलं, अंगण आलं, तरी बाही त्यांच्या मुठीतच होती.

"क्लास कितीला भरतो?" त्यांनी विचारलं.

"सातला भरायचा."

"साडेसातला भरव. उजेड हुतो. पोरी लांबनं येत्यात."

अनुपमाने पुन्हा मान डोलावली.

"आन् मलाबी तेवढं एक शिकव," आप्पा उसाकडे बघत हळू आवाजात म्हणाले. "मागं कोन हाय, ते कसं वळखायचं."

"ते मलाच येत नाही, आप्पा," ती म्हणाली, आणि त्यांच्याच ओसरीवर बसून तिने वडिलांना गाडी घेऊन यायला फोन लावला.