भोंगा वाजवणारं फंक्शन

स्वतःचं काम स्वतः करू नये, हे सर्व प्रगत व्यवस्थांचं मूळ तत्त्व आहे. संगणकाच्या प्रोग्रामने ते फार लवकर आत्मसात केलं. अवघड कामं तो दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीतल्या फंक्शनांवर, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणाऱ्या तयार तुकड्यांवर, ढकलतो. प्रोग्राम बांधताना लिंकर नावाचा अधिकारी एवढंच पाहतो, की त्या नावाचं कुणी लायब्ररीत आहे ना. असलं, तर नाव टिपून घेतो आणि हात झटकतो. ते फंक्शन नेमकं कुठे बसलंय हे शोधायचं काम लोडर नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचं, तेही प्रोग्राम चालू असताना, पहिल्यांदा हाक मारायची वेळ आली की. (यामुळे प्रोग्राम चटकन सुरू होतो. पुढचं पुढे.)

एका इस्पितळात आगीचा इशारा देणारा प्रोग्राम होता. तो आमच्या वहिनीने लिहिला होता. धूर दिसला, की भोंग्याच्या कंपनीच्या लायब्ररीतलं ‘भोंगा वाजव’ हे फंक्शन बोलवायचं. लिंकरने नाव पाहिलं, नाव होतं. पुढे कंपनीला ‘भोंगा’ हा शब्द असभ्य वाटू लागला. सुधारित लायब्ररीत त्याच फंक्शनचं नाव ‘ध्वनिसूचना प्रसारित करा’ झालं. इस्पितळाने जुनी लायब्ररी काढून नवी बसवली, वहिनीला न विचारता. प्रोग्राम रोज सुरू होई, पडद्यावर हिरवा दिवा लागे. आग लागत नव्हती, त्यामुळे व्यवस्था निर्दोष होती.

आमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं. आग्रह वहिनीचाच. “आई, तिथे निर्धास्त राहा. तिथला भोंगा माझा आहे.”

एका दुपारी चादरींच्या खोलीत इस्त्रीची वायर जळाली. प्रोग्रामने धूर ओळखला, ‘भोंगा वाजव’ला आयुष्यातली पहिली हाक मारली, लोडर शोधायला गेला, त्या नावाचं कुणीच नाही असं कळलं आणि प्रोग्राम जागच्या जागी मेला. (नियमानुसार.)

आई मेली नाही. धुराने जाग येताच ती ओरडली. आईच्या आवाजावरून आमच्या घरात बरीच भांडणं झालेली आहेत. “अगं बायांनो, उठा! आग लागलीये!” या हाकेसरशी तिन्ही मजले रिकामे झाले, समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही पळालं. आईला वॉर्डबॉयनी खुर्चीसकट खाली आणलं.

वहिनी धापा टाकत पोचली, तेव्हा आई फाटकापाशी खोकत बसली होती.

“आई, माझा भोंगा...”

“नाही वाजला गं. त्याच्या भरवशावर डोळा लागला होता माझा.”

वहिनीने ओढणीने तिच्या तोंडावरची काजळी पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कंपनीचा प्रोग्राम चालणाऱ्या सगळ्या इस्पितळांत एक बदल केला: प्रत्येक नाव प्रोग्राम सुरू होतानाच शोधायचं, एक जरी सापडलं नाही, तर सुरूच व्हायचं नाही. आणखी चार इस्पितळांतही नवी लायब्ररी बसलेली निघाली, तिथले प्रोग्राम सुरू झाले नाहीत. तिला साहेबांनी बोलावलं.

“तिथे आग लागली होती?”

“नाही सर. पण लागली असती, तर भोंगा वाजला नसता.”

“पण दिवा हिरवा होता ना? तुम्ही हात लावेपर्यंत सगळं व्यवस्थित होतं.”

हे विधान अक्षरशः खरं होतं. बदल मागे घेण्यात आला. दिवे हिरवे झाले. वहिनीने राजीनामा दिला आणि त्या चारही इस्पितळांना स्वतः फोन करून सांगितलं, की तुमचा भोंगा मुका आहे. तिघांनी दुरुस्त करून घेतला. चौथ्याने ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं कळवलं.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. तुम्हीही कुणाला तरी कधीतरी म्हणाला असालच, “मध्यरात्री हाक मार, धावत येईन.” त्या माणसाने अजून हाक मारलेली नाही. तोपर्यंत तुमचाही दिवा हिरवाच आहे.