दहा म्हणजे दहाच ना!

"वाळलेला पायजमा दुसऱ्यांदा ओला! घरात इंजिनिअर असल्याचा हा फायदा!" न्हाणीघराच्या दाराआड हे पुटपुटत होते. मला नेमकं ऐकू येईल इतक्या हळू.

इंजिनिअर म्हणजे मी! मुलाची जुनी पुस्तकं वाचून आपली आपणच झालेली. सकाळी ह्यांना फॅक्टरीची घाई, मला पोळ्यांची. म्हणून सासूबाई दुखरे गुडघे धरून गच्चीवर चढतात आणि टाकी भरली की ओरडतात, "बंद कर वं!" ते मला पाहवेना. मी जाहीर केलं, "आई, सोमवारपासून तुमचा जिना बंद! दहा मिनिटांनी माझी चिप मोटर थांबवेल!"

गोहलपूरच्या बाजारातून चिप आणली. असेम्ब्ली ह्या चिपच्या भाषेतला प्रोग्राम रेसिपीच्या वहीत उतरवला आणि तिथून चिपमध्ये भरला. पुस्तकात आकड्यांपुढे जागोजाग # अशी जाळी होती. शोभेची समजून मी ती गाळली. दहा म्हणजे दहाच ना!

सोमवारी मोटर दहा मिनिटं चालली, वीस चालली, गच्चीवर धुआंधार धबधबाच सुरू झाला, दोरीवरचा ह्यांचा पायजमा चिंब! खाली अंगणात वड्या वाळत घालणाऱ्या शेजारच्या पुष्पाजी किंचाळल्या, "दीदी, मेरी बडियां तैर रही हैं!"

मंगळवारी मी दहाचे आठ केले. मोटर दोन मिनिटांत गप्प! बुधवारी बारा केले. पुन्हा धुआंधार, पुन्हा पायजमा!

"चिपच खोटी," मी म्हटलं.

"असू शकते," हे म्हणाले.

"नाहीतर वीज."

"मौसम भी ठीक नहीं है, दीदी," पुष्पाजींनी वड्या निथळवत साथ दिली. माझा चेहरा पाहून दोघंही माना डोलवत होते.

आई मात्र पुस्तक आणि वही शेजारी ठेवून भिंगातून पाहून राहिल्या होत्या. "हेमलता, ही जाळी तुह्या वहीत काहून नाही?"

"शोभेची आहे ती!"

"वाचून तं पाह."

वाचलं. जाळी असली तर दहा म्हणजे दहा. नसली तर चिप आपल्या मेमरीतल्या दहा नंबरच्या खणात डोकावते आणि तिथे जे पडलं असेल, तेवढी मिनिटं मोजते!

"म्हणजे तुह्या स्वयंपाकघरावानी," आई म्हणाल्या. "डब्यावर साखर, आत मीठ."

हे जोरात खोकले. माझ्या माहेरच्या पाहुण्यांना त्यांनीच त्या डब्यातून चहा करून दिला होता.

"तरी पण आई, चिप..."

"चिप चांगली आहे. वीज चांगली आहे. मौसमही चांगला आहे." आईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि जिन्याकडे निघाल्या. "चूक तुही आहे, पोरी. जाळ्या घाल. तोवर मी वर जाते."