उपरण्यावरचा सेंट

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. वाचणाऱ्याने माफ करावं. तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

आमचे थोरले दीर नाना खोली भाड्याने देतात ती वास घेऊन. जांबे गावात आमचं खळं होतं तिथे आता खोल्या आहेत, त्यात कंपनीत जाणारी पोरं राहतात. नवा भाडेकरू आला की त्याचं आधार कार्ड बघायच्या आधी नाना त्याच्याभोवती एक चक्कर मारतात. मग निकाल. "ह्यो आंगुळ करत न्हाई, नुसती फवारणी करतो." पोरगं खाली मान घालतं. खोली मात्र त्यालाही मिळते. आजवर नानांनी कोणाला परत पाठवलेलं नाही, फक्त नाक मुरडल्याशिवाय किल्ली देत नाहीत.

लग्नाच्या पंगतीतही पहिला घास नाकाला. "तांदूळ नवा हाय, गिचका झालाय." यजमान शेजारीच वाढत असतात.

आणि याच घरात जाऊबाईंना मागच्या वर्षीच्या तापापासून वासच येत नाही. फोडणी जळलेली कळत नाही. "समदं वल्या कागदावानी लागतंय गं," म्हणतात आणि दोन घासांवर ताट सारतात. पोलकी सैल झालीत. अशा बाईपुढे हा माणूस दिवसभर वासांचं कौतुक सांगत बसतो! मला भारी राग यायचा. पण थोरल्या दिराला बोलायची माझी काय टाप?

दिवाळी नुकतीच झाली होती. कोपऱ्यातल्या खोलीतली नांदेडची प्राची कामाला निघाली आणि नाना आडवे आले.

"थांब पोरी. काय लावलंस?"

"परफ्यूम आहे, नाना. ऑटमचा." मग तिनेच समजावलं, "परदेशात थंडीआधी पानं गळतात ना, त्या दिवसांचा. उबदार वाटतं."

"हितं तवा पानं गळत न्हाईत, भात काढत्यात." नानांनी उपरणं पुढे केलं. "मार हितं. हात आखडू नगं."

मग चहा निवेपर्यंत त्यांचं नाक उपरण्यात. शेजारचे म्हणाले, "नाना, दुसरं लगीन काढलं काय?"

"पयलंच चालू हाय अजून."

आणि हसताना चहा उपरण्यावर सांडला.

संध्याकाळी मी दही द्यायला मागल्या दाराने गेले. जाऊबाईंपुढे ताट होतं. नाना समोर बसून उपरणं नाकाशी धरून सांगत होते.

"आदी लवंग. तुज्या डब्यातली, ठेचल्याली. मग वाईच काकवी. त्याच्या खाली पेंढा, उन्हानं तापल्याला. आन् लांबनं धूर येतुया. खळ्यावर शेकोटी असायची, तसा."

"मी न्याहारी घिऊन यायची," जाऊबाई म्हणाल्या.

"व्हय. ती भाकर बी हाय ह्यात. नाचणीची."

"खोटारडं! नाचणीची कवा आणली मी? तांदळाची असायची."

"मंग तांदळाची. खा."

जाऊबाई हसल्या आणि घास घेतला. मग आणखी एक. मी दारातच थांबले. चहा सांडलेलं ते उपरणं मी दुपारीच साबण लावून धुतलं होतं. त्याला आता कसला वास असणार?

"आन् काय हाय?" जाऊबाईंनी भाकर मोडत विचारलं.

"थांब, घेतो," नाना म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास ओढला.