आठ दिवसांचा व्हॉल्व्ह

आपण दातांच्या दवाखान्यात पेशंट म्हणून नाही, दुरुस्तीला आलो आहोत, हे मिस्त्रीने आत शिरताना स्वतःला तीनदा बजावलं. त्याची डावी दाढ आठवडाभर ठणकत होती आणि ही गोष्ट त्याने बायकोपासूनही लपवली होती. दाढ काढून घेण्यापेक्षा विजेच्या खांबावर चढणं त्याला सोपं वाटे.

बिघाड पेशंटच्या खुर्चीत होता. तिच्या पाण्याच्या नळीवर सोलेनॉईड व्हॉल्व्ह होता. वीज मिळाली की त्याच्या आतली लोखंडी दांडी उचलली जाई आणि पाणी सुटे. हल्ली पाण्याबरोबर असा गुरगुराट सुटे की पेशंट रुमाल गळ्यात तसाच ठेवून पळत. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, की हा आवाज थांबेपर्यंत त्या कुणाच्याही दाताला हात लावणार नाहीत.

पंचाईत अशी, की खुर्चीत कुणी बसल्याशिवाय पाणी सुटतच नसे. बाईंचा पाय पेडलवर, म्हणून बसायचं मिस्त्रीनेच. तो जीव मुठीत धरून बसला. गुरगुराट ऐकताच त्याला दुखणं कळलं. आत कचरा अडकलाय, दांडी पुरती वर जात नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तिथेच फसला. बाईंच्या कपाळावरचा दिवा नेमका चालू होता.

"मिस्त्री, ही दाढ गेलीय हो. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला की लगेच काढून टाकू."

बाई हात धुवायला गेल्या. मिस्त्रीने व्हॉल्व्ह खोलला, तर टाचणीच्या डोक्याएवढा क्षाराचा खडा. तो फेकला की काम फत्ते. पण शेजारच्या ट्रेमध्ये चिमटे, पकडी ओळीने मांडलेल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच काढलेली घाण परत जागच्या जागी ठेवली. त्याची त्यालाच लाज वाटली.

"कॉइल जळलीय, बाई," तो म्हणाला. "नवा पार्ट यायला आठ दिवस तरी लागतील."

बाईंनी अजिबात कुरकुर केली नाही.

संध्याकाळपर्यंत त्याचा गाल टम्म फुगला. बायकोने एकदाच निरखून पाहिलं आणि सगळं ओळखलं. सकाळी तिने त्याच्यापुढे चपला आणून ठेवल्या.

"पार्ट आला, बाई," दवाखान्यात शिरताच मिस्त्री कसाबसा म्हणाला. दोन मिनिटांत त्याने खडा काढून फेकला आणि कुणी न सांगता खुर्चीत बसून 'आ' केला. बाईंनी पेडल दाबून पाहिलं. पाणी मुकाट्याने वाहू लागलं.

"काम चोख आहे हो तुमचं," बाई खूश होऊन म्हणाल्या आणि त्यांनी दाराआडची सूटकेस उचलली. "पण तुम्ही आठ दिवस म्हणालात, म्हणून कालच सगळ्यांना पुढच्या तारखा दिल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा लेकीकडे निघालेय, खाली टॅक्सी उभी आहे. तुमचं नाव मात्र यादीत पहिलं लिहिते. तोवर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा."

मिस्त्रीचा 'आ' तसाच राहिला.