बनाबाईंनी वाटलेला गवा

"असं पोस्टर करते की अख्खं कोल्हापूर बघत राहील!" संयोगितानं दसऱ्याच्या सकाळीच जाहीर करून टाकलं. तिचं काम निम्मं पानाफुलांतलं, निम्मं कॉम्प्युटरवरचं. पानं आणून रंगवायची, चित्र मांडायचं, फोटो काढायचा आणि त्यावर अक्षरं चढवायची. पहिल्यावहिल्या प्रदर्शनासाठी तिनं आपट्याच्या पानांचा राधानगरीचा गवा केला होता. काळं अंग, पांढरे पाय आणि पानापानाला सोनेरी कड! पाटावर पानं नुसती मांडून ठेवलेली. उद्या सकाळी फोटो, दुपारी छापखाना. झालं!

संध्याकाळी ती दसरा चौकातून परतली, तर पाट रिकामा.

"आत्या, पाटावरचा गवा कुठाय?"

"कसला गवा? सोनं व्हय? वाटलं की!" सासूबाई, बनाबाई, भलत्याच खुशीत होत्या. "आपलं बाजारातलं संपलं, मानसं तर दारात! सगळी म्हनली, बनाबाईंचं सोनं लई भारी!"

सकाळी उठून संयोगिता गल्लीत निघाली. समोरचे बाळासो तालमीतले माणूस, देवभोळे.

"पोरी, दसऱ्याचं सोनं परत मागत्यात व्हय? देव्हाऱ्यात ठेवलंय! हे घे, आमच्याकडचं." असं म्हणून त्यांनी तिच्या हातात साधं पान दिलं. शेजारच्या धोंडुबाईंनीही तेच केलं, वर श्रीखंड-पुरीही खायला घातली. गल्ली संपली तेव्हा पिशवीभर सोनं होतं, पोट तुडुंब होतं आणि गव्याचं शेपूटसुद्धा मिळालं नव्हतं! संयोगिता पायरीवर बसून खरोखरच रडायला लागली.

ते बघून बनाबाईंचा चेहरा उतरला. पदर खोचून त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आयाबायांनो, माझ्या सुनंच्या कामाचं मी वाटोळं केलंय! आपापलं सोनं घिऊन आमच्या गच्चीवर या!"

गल्ली आली की! पण पान सोडायला एकही जण तयार होईना. जो तो म्हणे,

"फोटू काढ, पन सोनं माझ्याच हातात ऱ्हाईल!"

"बरं, तसंच धरा!" म्हणत संयोगिता पाण्याच्या टाकीवर चढली. खाली पांढरी चादर, चहूबाजूंनी हात. बाळासोंना गव्याचं वशिंड मिळालं. धोंडुबाई मात्र अडून बसल्या.

"मी पायात न्हाय यायची! मला शिंगात घ्या!"

घेतलं शिंगात! फोटो निघाला. बांगड्यांचे, राकट, थरथरणारे असे सगळे हात आणि त्यांनी धरलेला गवा. एकटीनं मांडला होता त्यापेक्षा हा कितीतरी देखणा होता. संयोगिताला टाकीवरच भरून आलं.

प्रदर्शनाला अख्खी गल्ली इस्त्रीच्या कपड्यांत हजर. पोस्टरसमोर जो तो आपला हात शोधत होता.

"हे तुमचं काम आहे," संयोगिता म्हणाली. "तुम्ही सगळे आला नसता, तर आज ही भिंत रिकामी असती. तुमचे उपकार..." तिनं अख्ख्या गल्लीला हात जोडले. बनाबाई तर हुंदके देत होत्या.

बाळासोंनी डोळे पुसले आणि पोस्टर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, काम एक नंबर! फकस्त एवढं सांग, ही म्हस कुनाची?"