उरकुडाजीचं सागवान

सकाळी मी रोपवाटिकेच्या ऑफिसात यायचो तेव्हा आमचे उरकुडाजी हमखास वाफ्याशेजारी पालथे पडलेले असायचे. एक कान मातीला लावलेला. पन्नाशीचा माणूस, धोतर चिखलात. पहिल्या दिवशी मला वाटलं, गेला! धावत गेलो तर खेकसले, "जिता हाव ना! हळू बोला बाबू, आयकून राह्यलो."

"काय ऐकताय?"

"कवच फुटते का ते."

बैहरकडच्या जंगलातल्या त्या सरकारी रोपवाटिकेत ते रोजंदारीवर होते, मी कारकून. सन साठच्या आसपासची गोष्ट. सागाचं बी म्हणजे बोराएवढी टणक गोटी. तिला रात्रभर पाण्यात भिजवायचं, दिवसभर उन्हात तापवायचं, असं पंधरा दिवस केलं की कुठे ती पेरणीजोगी होते. "सागवान म्हंजे जावई, बाबू," उरकुडाजी म्हणायचे. "रुसला तं रुसला. ओढून आनता येत नाई." माणसंही ते बियांवरूनच ओळखत. मला धान म्हणायचे. पाणी लागलं की तिसऱ्या दिवशी कोंब, म्हणजे साहेबानं हाक मारली की मी उभा. चारचौघांत म्हणायचे. मला राग यायचा, कारण खरं होतं.

त्या वर्षी नवे रेंजर साहेब आले, सरईच्या म्हणजे सालवृक्षाच्या जंगलातून. सरईचं बी पडल्या पडल्या उगवतं. आठवड्यात उगवलं नाही तर मेलंच समजा. साहेबांनी तोच कायदा सागाला लावला. त्यात वैशाखभर आभाळ राहिलेलं, बियांना धड ऊन मिळालं नव्हतं. पाऊस लागून महिना झाला तरी वाफे बोडके, आणि मोठ्या साहेबांचा दौरा डोक्यावर.

"ये बीज मर चुका है. तुमने सड़ा दिया!" रेंजर साहेब गरजले.

"मेलं नाई साहेब. ऊन कमी पडलं. पुढचा उन्हाळा खाऊ द्या त्याले, मंग पाहा."

"एक साल? पागल है क्या?"

पंचनामा झाला. मजुराच्या हयगयीनं बियाणं मेलं, असा. लिहिला मीच, आणि साक्षीदार म्हणून सहीही माझीच. घरात खाणारी चार तोंडं आहेत, असं मी स्वतःला बजावलं. लाज वाटली, पण हात काही थांबला नाही. वाफे खणून बियांसकट सगळी माती कुंपणापलीकडे नाल्याकाठी फेकली, आणि उरकुडाजींचं नाव हजेरीपटावरून कापलं. जाताना त्यांनी मला आईबहिणीवरून शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आषाढात एका सकाळी टमरेल घेऊन नाल्याच्या त्या बाजूला वर्षात पहिल्यांदाच गेलो आणि थबकलोच. त्या फेकलेल्या मातीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. आत सागाची रोपं, वीतवीतभर, दाटीनं आलेली. मधोमध उरकुडाजी उकिडवे बसून गवत उपटत होते. नंतर कळलं, मिळेल तिथे मजुरी करून हा माणूस वर्षभर कोसभर चालत इथे येत होता. उन्हाळ्यात त्यानं तो ढीग उपसून उपसून उन्हाला दिला होता. आणि मला रोपवाटिकेच्या कुंपणाआत बसून पत्ता नव्हता.

मी काट्यांपाशी गेलो. म्हटलं, "उरकुडाजी, आत्ताच्या आत्ता रिपोर्ट लिहितो. साहेबांना आणून दाखवतो. तुमचं काम परत मिळेल."

त्यांनी मान वर केली नाही. "नोको बाबू."

"का हो?"

"जिते हायेत म्हनून कागदावर आलं का साहेब येईन. मोजन, उपटन, कुठंबी नेऊन गाडन. माह्या पोटाचं का, मी काहीबी करून खाईन." एका रोपाच्या मुळाशी त्यांनी बोटानं माती सारखी केली. "तुमच्या सहीनं मेले हायेत ना हे? मंग मेलेलेच राहू द्या. वाढतीन तरी."